मोकळा रस्ता

तार्तूत जानेवारीत उजाडायला नऊ वाजतात.
त्याआधीच मारिका खोरं घेऊन उभी असते
विधी शाखेच्या दाराशी.
नगरपालिकेचं यंत्र पहाटे येतं, रस्ता लख्ख करतं
आणि सगळा बर्फ ढकलून ठेवतं नेमका
रँपवर.
तीन पत्रं लिहून झाली. तिन्हींना उत्तर आलं:
रस्ता मोकळा आहे.
खोटं नाही ते.

नेमणुकीच्या कागदावर तिला म्हटलंय समन्वयक.
म्हणजे लिफ्टची किल्ली ज्याच्या खिशात तो रखवालदार,
आणि लिफ्टपाशी खोळंबलेली केर्तू,
या दोघांमधली जागा.
म्हणजे खुणांच्या भाषेचे दुभाषे दोन,
मंगळवारी दहाची व्याख्यानं तीन,
आणि फोनवर "बघते, करते काहीतरी" म्हणणारा
तिचाच आवाज.
परवा एका दुभाष्याला ताप भरला
तर अख्खं रसायनशास्त्र मुकं झालं.
मुलगी नव्हे. शास्त्र.

प्राध्यापक पिहलाक तसे भले गृहस्थ.
विचारतात, परीक्षेत पंचवीस टक्के जादा वेळ,
हा बाकीच्यांवर अन्याय नाही का?
ती म्हणते, नाही.
याहून मोठं उत्तर आहे तिच्याजवळ, तोंडपाठ,
पण खाली टॅक्सी थांबलीय
आणि चालकाला चाकांची खुर्ची मिटता येत नाहीये.

आणि काल.
काल वर्ग बदलल्याची सूचना गेली सगळ्यांना,
कागदाचा फोटो काढून.
योसेपच्या फोननं ती वाचून दाखवली:
"चित्र."
एवढंच.
तो काठी टेकत, नेहमीची एकशे बारा पावलं मोजत
जुन्याच वर्गात जाऊन बसला, पहिल्या बाकावर.
दीड तास.

मारिका पोचली तेव्हा तिला धाप लागली होती.
माफीची वाक्यं जिन्यातच जुळवून आणलेली.
तो म्हणाला, बस जरा.
खोली रिकामी असली ना, की
भिंतीतल्या नळीत गरम पाणी फिरताना ऐकू येतं.
खिडकीखाली वळतं, तिथं अडखळतं.
ऐक.

ती बसली.
कोटाच्या खिशात फोन तीनदा थरथरला.
पाणी अडखळलं. पुढं गेलं.

मग तो म्हणाला, तक्रार मात्र मी करणार.
लेखी.
ती म्हणाली, कर. माझं नाव घालून कर.
तारीख विसरू नकोस,
तारखेवाचून कागद हलत नाही इथं.

आज पहाटे पुन्हा तोच अंधार, तेच खोरं.
फक्त आज तिनं रँप उपसला
आणि तो सगळा ढीग, सावकाश,
एकेक खोरं करत
नेऊन रचला रस्त्याच्या मधोमध.
मग हातमोजा दातांनी ओढून काढला
आणि नगरपालिकेला कळवलं:
रँप मोकळा आहे.