तिपाईच्या तीन खुणा

मंगळवारी बिंदू चौकातल्या स्टुडिओला कुलूप,
आणि मुजावर मास्तर मला लुनाच्या मागं बसवून
प्रयाग चिखलीला न्यायचे.
संगमाच्या वरच्या अंगाला एक काळा दगड,
त्यावर त्यांनी ऑइलपेंटनं तीन ठिपके दिले होते,
तिपाईच्या पायांसाठी.
"जागा हलवायची न्हाई पोरी. वर्स हलू दे."

पासपोर्ट फोटोंच्या रोलमधून उरलेल्या
चार फ्रेमा, आठवड्याला तेवढ्याच.

पहिल्या चैत्रात मला वाटलं, इथं आहे काय?
नदी बारीक. आभाळ जुन्या बनियनसारखं.
जोतिबाचा डोंगर कुणीतरी खोडरबरानं पुसलेला.
मी क्षितिज बरोबर मधोमध धरलं.
"भाकरी मोडल्यागत दोन तुकडं केलंस की!
आभाळात आज काय हाय? मग त्येला एवढी जागा कशापायी?
खाली बघ. भेगा बघ.
साडेसहाला सावल्या लांब हुत्यात, आठला मरत्यात."
मी गुडघ्यावर बसले.
भेगेच्या काठानं एक मुंगी दाणा ओढत होती,
सावली तिच्याहून चौपट.
त्या दिवशी एकच फ्रेम खर्च झाली.

श्रावणात ठिपके पाण्याखाली गेले.
देवळाच्या जोत्यावरून दिसत होतं नुसतं
सपाट, चांदीच्या ताटासारखं पाणी,
त्यात शेवरीचा एकच शेंडा, डावीकडं,
हवा तिथंच.
मी कॅमेरा डोळ्याला लावला.
मास्तरांनी भिंगावर तळहात धरला.
"लोकांची भांडी चालल्यात व्हावत."
मग आम्ही तिसऱ्या प्रहरापर्यंत
कुणाकुणाची जोंधळ्याची पोती माळ्यावर चढवली.
तो शेंडा मला अजून दिसतो. फोटो नाही.

पाणी उतरल्यावर दगडावर बोटभर गाळ.
आश्विनातला तो उजेड, कसा सांगू,
डोंगर कोसभर अलीकडं सरकून बसलेला,
त्याच्या अंगावरची पायवाट मोजता यावी इतका.

कार्तिकात अख्खं शहर
पाच मिनिटांच्या उन्हासाठी देवळात उभं राहायचं.
किरणं पायांशी आली का? गुडघ्याला लागली?
का मधेच कुणाची गच्ची आडवी आली?
मास्तर बाहेर स्टुडिओच्या पायरीवर घड्याळ बघत बसायचे.
"आपलं बी त्येच काम. वाट बघायचं."

पौषात उसाला तुरे.
पाठीमागून ऊन आलं की एकेक तुरा
दिव्याच्या वातीगत पेटायचा,
वर गुऱ्हाळाचा धूर आडवा, थंडीनं दाबलेला.
तीन मंगळवार मी ती चौकट जुळवत होते.
चौथ्या मंगळवारी रान मोकळं.
रात्रीत तोड झाली होती.
खोडवी, पाचट, तोडकऱ्यांची एक खोप
आणि तिच्या दोरीवर लाल लुगडं.
मला रडू फुटायच्या बेतात.
मास्तर खुशीत, "पडदा उघडला की गं!"

आता त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू,
शुगर उतरत नाही म्हणून ऑपरेशन लांबलेलं.
परवा मी त्यांना माझ्या स्कूटीवर नेलं.
एक ठिपका पुरानं खरवडून नेलाय,
तिपाईचा तिसरा पाय अंदाजानं टेकवला.
ते चेहरा उगवतीकडं करून उभे राहिले,
दाढी न केलेला गाल पुढं,
आंधळ्या माणसानं भाव विचारावा तसा.
"अजून न्हाई.
अजून.
आता दाब."

ऊन त्यांच्या गालावर होतं,
डोंगरावर ढगाची सावली तशीच.
आणि ऐन वेळी एक म्हैस
उजवीकडून अर्धी आत आलेली.
मी दाबलं.

"आभाळ कुठं ठिवलंस?"
"वरच्या तिसऱ्या भागात, मास्तर."

स्क्रीनवर क्षितिज नेमकं मधोमध.