ट्रॅक सातवा

शिरोड्याच्या बाजारात माझं दुकान:
मोबाइल रिपेरिंग, झेरॉक्स, गणपतीत लायटिंग.
टेबलाखाली एक जुना लॅपटॉप,
उजवं बिजागर सुतळीनं बांधलेलं.
त्यावर लिनक्स. हौस म्हणून नाही,
त्या मशीनला दुसरं काही झेपत नाही.

इंदुमतीबाई कुबल बिस्किटांच्या डब्यातून
एकेचाळीस सीड्या घेऊन आल्या.
दशावताराच्या रात्री. आरवली, मोचेमाड, तळवडे,
गावं बॉलपेनानं, वर्षं कुठे आहेत, कुठे पुसली.
नवरा पायपेटी वाजवायचा. रेकॉर्डरही त्याचाच,
पेटीच्या बुडाशी ठेवलेला,
राक्षसाच्या पायाखाली येऊ नये म्हणून.
"ह्या सगळा मोबाइलात मावतला मा?"
मी म्हटलं, मावतला.

खारी हवा आधी चांदी खाते.
तेरा नंबरची सीडी उजेडात धरली
तर टाचणीएवढ्या भोकांतून
समोरचा रिक्षा स्टँड दिसला.

कमांड दिली. ड्राइव्ह कण्हला, थांबला, पुन्हा फिरला.
हा प्रोग्राम भारी संशयी,
एकदा वाचलेलं खरं मानत नाही.
मागे जातो, तोच तुकडा परत वाचतो, जुळवून बघतो,
कडी लावलीय ना म्हणून
रात्री तीनदा उठणाऱ्या माझ्या आत्येसारखा.
जुळलं की पडद्यावर दोन ठिपके, एक रेघ, एक कंस:
हसरा चेहरा.
ओरखडा आला की तोंड वाकडं.
तेरा नंबरपुढे तो रात्रभर तोंड वाकडं करून बसला,
मी शटर अर्धं ओढून जेवायला गेलो.

मग आवळणं.
चौसष्ट किलोबिट. हिशेब सरळ आहे:
कानाला जे ऐकूच जाणार नाही
ते ठेवायचं कशाला?
मृदंगावर थाप पडते, तिच्या सावलीत
जे बारीक उभं असेल ते गाळायचं.
झांजेचं टोक छाटायचं.
एकेचाळीस रात्री, आणि फोनमध्ये जागा शिल्लक.

तिसऱ्या दिवशी त्या आल्या.
हेडफोन कानांवर दोन्ही हातांनी धरून
सातवा ट्रॅक ऐकला: संकासुर आत गेल्यावरची ती
मोकळी जागा, नुसती पेटी आणि मृदंग.
संपला, पुन्हा लावायला सांगितला.
मग एक कान मोकळा करून म्हणाल्या,
"हेंचो पाय खंय गेलो?"

मला कळलं नाही.
"पेटयेचो पाय. करकर करी तो.
तेल घाला, तेल घाला, सांगून दमलंय मी.
कधी घालूक नाय."

मूळ फाइल लावली, न आवळलेली.
होती.
थापेच्या बरोब्बर मागे, एक कोरडी करकर,
जिथे गणितानं लिहिलं होतं
की इथे माणसाला काही ऐकू येत नाही.
गणिताची चूक नव्हे. ते बेतलंय सगळ्यांच्या कानांवर,
आणि सगळ्यांच्या पेटीला
तेल घालायचं राहिलेलं नसतं.

सगळं पुन्हा केलं, काहीही न गाळता.
फाइली फुगल्या, फोन भरला, सव्वीसच मावल्या.
त्यांनी शुभ सकाळचे गुलाब पुसायला लावले,
भाच्याच्या लग्नाचा व्हिडीओसुद्धा.
"वरमाय तशीय बरी दिसणा नाय."
चार अजून मावल्या.
बाकीच्यांसाठी कार्ड घेणार आहेत, काजूचे पैसे आले की.

तेरा नंबरची नऊ मिनिटं निघाली.
त्यात पेटी नाही, मृदंग नाही, राजा नाही, राक्षस नाही,
जनरेटर घरघरतोय, आणि कुणीतरी विचारतंय,
"चाय उरली हा काय रे?"
आवाज कुणाचा, त्यांनाही सांगता येईना.
काढून टाकू का, विचारलं.
"रवांदे," म्हणाल्या.
फाइलीला नाव द्यावं लागतं.
मी 'चाय' दिलं.