तीन की चार

झेनित्सात सकाळ आधी धुराची होते, मग उजेडाची.
इस्पितळाच्या तळघरात आमची धुलाईखोली,
सात यंत्रं, त्यांतलं एक कायमचं बंद.
वुजू करते त्या नळाला दोनच स्वभाव:
पोळणारं पाणी, नाहीतर जानेवारीतली बोसना नदी.
बोटांच्या बेचक्यांतून, कोपरापर्यंत, कानामागे,
कुठे काही कोरडं ठेवत नाही मी.
जे कोरडं आहे तिथवर नळ पोचत नाही.

सोळाव्या वर्षापासून एक फजर चुकवलेली नाही.
युद्धात ओढ्यावरून डबा भरून आणायचो,
त्यातला एक पेला आई वुजूसाठी झाकून ठेवायची,
आणि अंधारात भिंत चाचपत किब्ला शोधायचो आम्ही.
तेव्हा पाणी नव्हतं, रडू यायचं.

गेल्या रमजानात तीस रोजे पुरे केले, हिशेबात खोट नाही.
सत्ताविसाव्या रात्री मशिदीत बायका हुंदके देत होत्या,
मी माझ्या मोज्याचं भोक बघत होते.

कुणाला सांगायचं?
इमाम भला माणूस, म्हणाला, जिक्र वाढव.
नवरा म्हणाला, रक्त तपासून घे.
दोघांचंही ऐकलं.
लोह थोडं कमी निघालं.

शंका नाही मला. शंका असती तर तिच्याशी भांडले असते,
भांडणात निदान ऊब असते.
तो आहे, हे मला माझ्या पत्त्यासारखं पाठ आहे.
पण चादरींची घडी घालावी तशी मी नमाज घालते:
कोपऱ्याला कोपरा, मधून हात फिरवून, पुढची.
ओठ आयत म्हणतात
आणि मन मोजत असतं, शस्त्रक्रिया विभागाच्या किती आल्या.

मंगळवारची जुहर.
इस्त्रीच्या टेबलामागे हायरिया आणि मी,
सुकवणीतून नुकतीच काढलेली एक चादर दोघींपुढे पसरून.
हायरियाचे गुडघे वाजतात, मार्चमध्ये ती निवृत्त होणार.
बसले आणि आठवेना,
तिसरी झाली की चौथी?
मागे वळून पाहावं तर पावलंच नाहीत,
सगळा रस्ता झोपेत चाललेला.
शिकवलं होतं तसं कमीच धरलं, तीन.
उठले.
डोळ्याच्या कडेला दिसलं, हायरियाही उठली,
टेबलाला धरून.

शेवटी ते दोन सजदे, विसराचे.
लहानपणी मला ते दंडासारखे वाटायचे,
हिशेब चुकला म्हणून शाळेत पुन्हा लिहायला लावतात तसे.
कपाळ चादरीला टेकलं.
चादर गरम होती.
आणि मला कळेना, हे कुणी ठरवलं असेल,
की माणूस उभ्याउभ्या हरवेल, त्याच्यासमोरच हरवेल,
आणि त्यासाठी नमाजेतच एक जागा मोकळी ठेवायची,
आणि ती जागा तरी कोणती,
सगळ्यांत खाली, जिथून पडायला काही उरत नाही.
दुसऱ्या सजद्यात मी जरा जास्त वेळ राहिले.
काही झालं नाही. उजेड वगैरे काही नाही.
यंत्र पिळायच्या फेरीला लागलं होतं, फरशी थरथरत होती.

सलाम फेरल्यावर हायरिया म्हणाली,
"बरं झालं तू उठलीस, माझा आकडाच हरवला होता."
"माझाही," म्हटलं.
ती बघत राहिली.
मग आम्ही दोघी जी हसायला लागलो,
बासष्ट वर्षांची ती, पोट धरून, भिंतीला टेकून,
वरून परिचारिका डोकावली, काय झालं म्हणून.
"किती वर्षं तुझ्यावर विसंबून आहे मी," ती डोळे पुसत म्हणाली,
"पाय आखडले की तुझ्याकडेच बघते, अजून किती राहिल्या."

मी कधी तिला सांगितलं नव्हतं
की मीही तिच्या गुडघ्यांच्या आवाजावर मोजते.

जमिनीला लागलेली चादर परत धुवायची, असा नियम आहे.
कपाळाच्या जागी ती थोडी ओली होती.
घाम असेल. तळघरात वाफ फार.
बंद यंत्रावर ठेवून दिली,
संध्याकाळपर्यंत धुवायला टाकली नाही.