मापात पाप

वही माझ्याकडे आहे, म्हणून मी सांगतो.
नाव झिहालिर्वा. किवू सरोवरातल्या बेटावर
बत्तीस वर्षं गणित शिकवलं,
आता चर्चच्या न्याय आणि शांती समितीचा चिटणीस,
म्हणजे बाकं मांडणारा.

सहा महिन्यांची दानपेटी, दोन शेळ्या
आणि न्सिमिरेने कानातून काढून दिलेली रिंगं:
एवढ्यात एक काटा आला, बुकावूहून, होडीने,
घोंगडीत गुंडाळलेला.
चौघांनी आजारी माणसासारखा उचलून
चर्चच्या दारात ठेवला.
ज्याला वाटेल त्याने आपली कॉफी
व्यापाऱ्याकडे नेण्याआधी इथे तोलावी.
आकडा चिठ्ठीवर, खाली शिक्का.
भाषण नाही.

पहिल्या शनिवारी एक्केचाळीस पोती.
मुशागालुसाच्या काट्यावर साठाची बावन्न होतात
हे बेटावरच्या पोरांनाही ठाऊक होतं.
आता ते लिहिलेलं होतं.
ठाऊक असणं आणि लिहिलेलं असणं
यांत किती किलोंचा फरक,
ते मला म्हातारपणी कळलं.

रविवारी तो आला. नेहमीचाच, पहिला बाक.
छपराचे पत्रे त्याने दिलेले,
त्यांवर गारा वाजल्या की फादर थांबतात.
मिस्सा संपल्यावर उभा राहिला.
"मी काटा मारतो. बरं.
आणि आत, शाळेच्या जेवणासाठी
बायकांकडून घेवडा घेता, तो तराजू?
तो कुणी उलटा करून पाहिलाय?"

कुणी हललं नाही.
न्सिमिरे म्हणाली, "बघू या की."

वजनांच्या पारड्याखाली
डांबराने चिकटवलेलं शिसं होतं,
पोळीच्या तुकड्याएवढं.
तीनशे ग्रॅम.

कुणी लावलं?
त्या कोठारातून तीन फादर येऊन गेले,
एक मागच्या आवारात पुरलाय, केळीजवळ.
मेलेल्याला विचारता येत नाही
आणि जिवंतांनी हात वर केले.

पण तराजूच्या दोऱ्या दर गुरुवारी माझ्या हातात होत्या.
अकरा वर्षं. कधी खाली वाकलो नाही.
कंबर धरते, म्हणायचो.
वर्षाला छत्तीस गुरुवार, दर गुरुवारी चाळीस टोपल्या:
पाचवीच्या पोराला जमेल असा हिशेब.
चार हजार सातशे बावन्न किलो घेवडा.
तो आम्ही लेकरांना वाढला
आणि वर त्यांच्याकडून आभाराची प्रार्थना म्हणवून घेतली.

रोमहून आलेली पत्रं फादर अगान्झे वाचून दाखवत,
श्रमाचा मोबदला, गरिबाचा पहिला हक्क,
मी सुवाच्य अक्षरात उतरवून घेई.
पारड्याखाली बघा, असं त्यात कुठे नव्हतं.
की होतं, आणि मी तेवढी ओळ
फळ्यासाठी ठेवली, कोठारासाठी नाही?

फादर वेदीची पायरी उतरून जमिनीवर आले.
उभा जन्म दुसऱ्यांचं पापनिवेदन ऐकलेला माणूस
उघड्यावर स्वतःचं बोलू लागला
तेव्हा त्याला शब्द सापडेनात.
"गाय विकू," एवढंच म्हणाले. मग, "केळीची बागही."
कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. एक पोर रडत होतं,
दुसऱ्याच कारणाने.

मुशागालुसा कधी निघून गेला ते दिसलं नाही.
पुढच्या शनिवारी त्याच्याकडे
साठाची अठ्ठावन्न झाली.
त्या दोन किलोंसाठी समिती मंगळवारी बसणार आहे,
त्याच्याच अंगणात. बाकं मीच नेतोय.

ते शिसं माझ्या टेबलावर आहे.
सरोवराचा वारा आला की वहीची पानं धरून ठेवतं.
बायको म्हणते, फेकून दे.

आज पहिला घेवडा परत वाटला.
न्सिमिरेच्या वाट्याला एकशे अठरा किलो, तीन पोती.
मी चिठ्ठी पुढे केली, शिक्क्यासकट.
तिने ती घडी करून कमरेला खोचली,
पोती एकेक ओढत दारातल्या काट्यावर नेली,
पुन्हा तोलली,
आणि काटा थरथरायचा थांबेपर्यंत
त्याच्याकडे बघत उभी राहिली.