शेकडा एक

उद्यमनगरात चाळीस वर्षं
मी लाकडाचे पॅटर्न केले.
पंपाची बॉडी, गिअरबॉक्सचं झाकण, इंजिनचा हेड.
बीड निवताना आकसतं,
म्हणून सागवान तासायचं शेकडा एक मोठं.
आमची पट्टीच वेगळी असते,
तिच्यातला फूट बाजारातल्या फुटापेक्षा लांब.

अकरा वर्षांपूर्वी शेवंताक्कानं
डाव्या कुशीतलं काढून दिलं.
तेव्हापासून उन्हाळा लागला की तिचा फोन :
"माझं कसं हाय? पाणी पाजतोस न्हवं त्याला?"
वाट्यानं सांभाळायला दिलेल्या
वासराची चौकशी करावी तशी.
कागलच्या वाटणीत तिनं विहिरीकडची बाजू मागितली.
मी तोंड उघडलं नाही.
कुठल्या तोंडानं उघडणार?

आता सोमवार, बुधवार, शनिवार
रक्त नळीतून बाहेर जातं, धुऊन येतं.
मगदूम डॉक्टरीणबाईंनी मोबाईलवर दाखवलं :
सुईएवढी तोटी, खाली गुलाबी खळ,
थरावर थर, थरावर थर.
"तुमच्याच पेशी, काका. रिजेक्शनची भीती नाही."
मला हसू आलं.
रिजेक्शन हा आमच्या घरचा शब्द.
आत पोकळी राहिली, वाळू धरली,
की खडूची फुली, आणि माल परत भट्टीत.
म्हटलं, तुमच्यातला फुली मारलेला माल कुठं जातो?
आणि पहिले दहा नग कुणाच्या पोटात बसवून बघणार?
त्या चष्मा पुसत राहिल्या.

शेजारच्या खाटेवर बुबनाळचा मुबारक,
उसाच्या ट्रॅक्टरवर असायचा.
त्यानं डोळे न उघडता विचारलं,
"योजनेत बसंल काय?"
"अजून दहा-पंधरा वर्षं तरी..."
"मग ऱ्हाऊ दे," म्हणाला,
आणि कूस बदलायला गेला.
नळीमुळं बदलता आली नाही.

फौंड्रीत नियम साधा : पॅटर्न गिऱ्हाइकाचा.
मांडणीवर त्याच्या नावाची पाटी.
माझ्या मांसावरनं काढलेला पॅटर्न
कुणाच्या मांडणीवर राहील?
रात्रपाळीत कुणी त्यावरनं
चार नग जास्त ओतले तर?
"सही करताना नीट वाचा," एवढंच उत्तर मिळालं.
चाळीस वर्षांत मी एकही कागद नीट वाचलेला नाही.

तरी छापा म्हणतो. लवकर छापा.
परवा वैजूच्या डब्याच्या पिशवीत
रक्तगटाचा रिपोर्ट सापडला. तिचा.
मला न सांगता तपासून आलीय पोरगी.
तिची कूस मला नको.
यंत्राचं घेईन, हप्त्यानं घेईन,
यंत्र काही विहिरीकडची बाजू मागणार नाही.
उन्हाळ्यात फोनही करणार नाही.
फक्त एकदा त्याची पट्टी मला बघू द्या.
माणूस निवताना किती आकसतो,
तेवढी जागा सोडलीय का त्यात?

आक्काला अजून सांगितलेलं नाही.
काल फोन आला होता.
दिवसाला चार पेले पाणी, त्यातला तिसरा हातात होता.
म्हटलं, बरं हाय गं तुझं.
पितंय पाणी.