दुधाचं कॅलेंडर

खडकी बाजारातल्या डेअरीने दिलेल्या कॅलेंडरवर
मी दूध लिहिते. अर्धा. अर्धा. पाहुणे आले तेव्हा एक.
त्याच चौकटीत, खाली, पेन्सिलीने
कस्तुरीची वेळ:
४.१०, डावा हात, दीड मिनिट.
३.५५, गादी ओली.
४.२०, मला वाटलं स्वप्नात हसतेय.

शेजारच्या आत्याबाई म्हणतात चप्पल हुंगवा, कांदा फोडा.
मी तिला कुशीवर वळवते, उशी काढते,
मोबाईलच्या उजेडात सेकंद मोजते.
एकोणचाळीसला अडखळते,
शाळेत अडखळायचे तशीच.

डॉक्टरबाईंनी कॅलेंडर आधी उलटं धरलं, मग सुलटं.
'सातला देता ना? पहाटेपर्यंत औषध दमतं.'
सकाळचं थोडं कमी केलं, रात्रीचं थोडं वाढवलं,
वेळ नेली साडेनऊवर.
एवढंच? मी विचारलं.
'बघू. लिहीत राहा.'

साडेनऊला ती पेंगते चित्रकलेच्या वहीवर, गालाला मेणखडू.
सिरिंजला सुई नाही, तरी सुईलाच घाबरते.
'गुलाबी नको, गुलाबी कडू आहे.'
गालाच्या आत, हळूहळू, रेघेपर्यंत,
रेघेच्या वर नाही.
मग खडीसाखर.
हे दुसरी पाळी संपवून येतात,
चपला काढायच्या आधी विचारतात, 'दिलं?'
पूर्वी विचारायचे, 'जेवली?'

आठ रात्री कोऱ्या. मग एक, ४.४०.
गल्लीत ढोलाचा सराव लांबला, झोपली बाराला,
त्या पहाटे दोन.
त्यानंतर कोरं.
पुढचं पानही जवळजवळ कोरं.

ती आता फॅक्टरीच्या भोंग्यापर्यंत झोपते.
मी चारला उठते.
माझे चार अजून कुणी पुढे नेले नाहीत.
बसून राहते, तिचे श्वास मोजत.
परवा तिने अचानक डोळे उघडले.
माझ्या पोटात गोळा.
'आई, काय मोजतेस?'
सदतीस, मी म्हणाले.
'मग अडतीस,' ती म्हणाली,
आणि कूस बदलली. स्वतःहून.

आज दूधवाला हिशोबाला आला.
अर्धा लिटर जास्त लावलंय.
मी म्हटलं, चुकलंय तुमचं.
त्याने चौदा तारखेवर बोट ठेवलं:
'ताई, अक्षर तुमचंच. अर्धा, दोनदा.'

खालचा अर्धा पेन्सिलीने होता.
अर्ध्या मिनिटाचा.

मी डब्यातून सुटे काढले, मोजून दिले.