सरकारी फ्रिज

हेमराज टेंभरे लाहौलात रस्ता बांधतो.
बर्फ हटलं की डांबर, डांबर थिजलं की घरी.
मागच्या हिवाळ्यात तंबाखूच्या डबीतून
त्यानं हॉप्सचं बी आणलं, चुन्याच्या खणात.
म्हणाला, यानं बियर कडू होते, घरीच करू.
तुमच्याकडे फ्रिज आहे.

फ्रिज माझा नाही. सालेकशाच्या पुढचा
पशुवैद्यकीय दवाखाना, श्रेणी दोन; मी तिथला परिचर.
खुरकुताच्या लसींमागे, ओल्या वाळूत,
ते बी ठेवलं सहा आठवडे,
कारण उगवायच्या आधी त्याला हिवाळा लागतो,
आणि आमचा हिवाळा शेकोटी विझायच्या आत संपतो.

नोंद कोणत्या रजिस्टरात करायची कळेना,
म्हणून केलीच नाही.

चाळीसांतले सात उगवले, दह्याच्या डब्यांत.
मे महिन्यात ओलं बारदान, दिवसातून चारदा पाणी,
तरी पाच गेले.
एक खाल्ला इलाजाला आणलेल्या बकरीनं.
तिचा मालक आनंदानं ओरडला,
"खाऊन राहिली जी! बरी झाली!"
मी केसपेपरवर लिहिलं, भूक पूर्ववत.

उरलेल्या एकाला दोर बांधला.
सोनकुवरबाई उईके मोहाची काढते, मागच्या बोळीत.
वालाचा वेल चढवतात तसा तिनं तो दोराला गुंडाळला.
सकाळी पाहतो तर यानं स्वतःला सोडवलेलं
आणि उलटा फिरून दोर धरलेला,
घड्याळाच्या काट्यासारखा.
"हा त उलट्या पायाचा आहे," ती म्हणाली,
आणि तेव्हापासून रोज बघायला येऊ लागली.

इकडचे दिवस त्याला आखूड.
दिवस आखूड वाटला की गुडघ्याएवढा असतानाच
फुलून मोकळा होतो.
म्हणून रात्री दहापर्यंत त्याच्यावर बल्ब, साठचा.
लाइट गेली की त्याची संध्याकाळ,
आली की पुन्हा दुपार.
कुणाला असं महिनोन्‌महिने फसवत राहायचं
म्हणजे आधी चोरट्यासारखं वाटतं,
मग सवय होते.
तान्हा पोळा झाला त्या रात्री बल्ब काढला.
वेल पत्र्यावर पोचला होता.

बोंडं मादीलाच लागतात. नराचा उपयोग नाही.
हे कळल्यावर आख्खी बोळ मादीच्या वाटेकडे डोळे लावून.
दवाखान्यात तर रोजच विचारतात लोक,
कालवड होईल ना जी? गोऱ्हा नको.
तेच लोक घरी गेल्यावर
काय मागतात, मला माहीत आहे.
माझ्या तीन बहिणी आहेत.

आश्विनात फुलला.
सैल, हिरवट घोस, बाजरीच्या दाण्यांएवढे,
हात लागला की पिवळी भुकटी.

फोनवर हेमराजला सांगितलं. नर.
पलीकडे वारा, डोझर, बराच वेळ काही नाही.
मग म्हणाला, "जवाचं काय केलं?"
गोंदियाच्या पूजेच्या दुकानातून आणून
मोड काढून वाळवलेले चार किलो जव
सोनकुवरबाईच्या कोंबड्यांनी खाल्ले होते.

तिनं पान चोळलं, हुंगलं, जिभेला लावलं.
"कडू आहे. पन मनात काही नाही याच्या."
आणि स्टीलच्या पेल्यात पहिल्या धारेची आणून दिली,
मयतीला आल्यासारखी, काही न बोलता.

वेल तोडला नाही. दिवाळीनंतर
आपणच वाळत जमिनीपर्यंत आला.

परवा ती डबी धुवायला काढली
तर तळाशी, तंबाखूच्या चुऱ्यात चिकटून, अकरा बिया.

नवे डॉक्टर शिस्तीचे आहेत.
फ्रिजमधल्या प्रत्येक गोष्टीवर चिठ्ठी हवी म्हणाले.
मी लिहून लावली:
लस नाही. बाहेर काढू नये.
हिवाळा चालू आहे.